गाजरगवताची टोपडी

बाई गच्चीवर जाताना हेल्मेट घालत. स्कूटर विकून बरीच वर्षं झाली होती, हेल्मेट तेवढं राखून ठेवलेलं. काच खाली ओढलेली, हातांत भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे, पदर कमरेला खोचलेला आणि एका हातात झारी. नांदेडला त्यांच्या घरातल्या खालच्या खोलीत आम्ही राहायला गेलो, त्या सकाळी टेम्पोतून माझं शिलाई मशीन उतरत होतं आणि गच्चीच्या कठड्यावरून हेल्मेटच्या आतून आवाज आला, "दमानं उतरवा हो. पायडलला धरू नका, मोडतंय."

"हाच का आपला मालक?" नवऱ्यानं मला हळूच विचारलं.

"मालकीण," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, कशी का असेना, राहू दे म्हणजे झालं.

कारण आम्ही देवगडकडचे. नवऱ्याला रेल्वेत रुळांवरची नोकरी लागली ती थेट नांदेडला. मी आठवीत शाळा सोडलेली, येतं ते फक्त शिवणकाम. ब्लाउज, फ्रॉक, पोरांचे शर्ट. मशीनच्या खडखडीपायी वर्षभरात दोन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. घाबरायची सवय मला लहानपणापासून, त्यात ही भर. दारावर टकटक झाली की आधी मशीनवरचा पाय उचलायचा, मग दार उघडायचं.

बाईंनी खोली देताना दोनच प्रश्न विचारले होते. पहिला, "तुमच्याकडं माती कोणती?"

"तांबडी."

"जांभ्याची. बरं. अन् मशीन हातानं चालतंय का पायानं?"

"पायानं. पण मी दुपारी बंद ठेवीन, रात्री तर..."

"कशाला बंद? खडखड कर खुशाल. एकटीच्या घरात कायतरी वाजत असावं."

त्या दिवसापासून बाईंनी मला नावानं हाक मारली नाही. "ए तांबडी माती, वर ये," एवढंच. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

पहिल्यांदा वर गेले तेव्हा मला वाटलं, तुळस असेल, गुलाब असेल. गच्चीवर वीस कुंड्या होत्या, सगळ्या एका मापाच्या, आणि विसांतही गाजरगवत. जे रस्त्याच्या कडेला उगवतं, उकिरड्यावर उगवतं, पडक्या भिंतीतनं डोकं काढतं, ज्यानं हाताला खाज सुटते आणि नाक गळतं, ते. त्याला चाळलेली माती, मोजून पाणी आणि प्रत्येक कुंडीत खोचलेली एकेक काडी. काडीवर शाईनं लिहिलेलं: 'ग्रा' नाहीतर 'शे'.

समोरच्या किराणा दुकानाचे अप्पा मूळचे उदगीरचे. कपाळाला भस्म, बोलणं सावकाश, पण बाईंच्या गवतापुढं त्यांचा सगळा सावकाशपणा सरत असे. "बाई," ते रस्त्यातूनच मान वर करून म्हणत, "आमच्याकडं लोक हे उपटायला मजूर लावून राहिले, अन् तुम्ही त्याला पाणी घालून राहिल्या. शिव शिव."

"उपटून पाहिलं का तुम्ही कधी नीट?"

"उपटायचं अजून कसं असतंय नीट?"

"मुळापास्नं. वाचत वाचत."

अप्पा माझ्याकडे बघत. मी खाली बघे.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गाजरगवताची त्यांना स्वतःला भयंकर ॲलर्जी. शिंका मोजायची त्यांना सवय होती. खालून मशीनवर बसल्या बसल्या मला ऐकू यायचं, हेल्मेटच्या आत शिंक आणि मग आकडा. "चार... पाच..." सात झाल्या की त्या जाहीर करत, "फुलोरा आला." आणि खरंच दुसऱ्या दिवशी पांढरे ठिपके दिसत.

मग या बाईंनी तेच गवत का लावावं? हे मी तीन महिने विचारलं नाही. कुणाला काही विचारलं की समोरचा आपल्यालाच काहीतरी विचारील, अशी मला भीती असते. शेवटी त्यांनीच एका रविवारी मला समोर बसवलं आणि सांगितलं, शिकवल्यासारखं नाही, चुगली केल्यासारखं.

"आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर गवत कापायचं मशीन फिरतंय. दर पंधरवड्याला. जे गाजरगवत उंच वाढतं, त्याचं डोकं उडतंय. डोकं उडालं की बी न्हाई, लेकरं न्हाईत. पण एखादं असतंय बुटकं. जमिनीला चिकटून, घाईघाईनं फुलून मोकळं. मशीन त्याच्या वरनं जातंय. मग पुढल्या पावसाळ्यात ग्राउंडवर लेकरं कुणाची?"

"बुटक्याची," मी म्हटलं.

"हाव. अन् नायगावकडं माझ्या भावाचं पडीक शेत हाय. तिथं मशीन न्हाई. तिथलं गवत छातीएवढं. आता मला सांग, ग्राउंडवरचं गवत बुटकं हाय ते कापून कापून, का जन्मानंच?"

मी विचार केला. "दोन्ही एकाच मातीत लावून बघायचं."

बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मला वाटलं चुकलं.

"हे सांगायला," त्या म्हणाल्या, "माझ्या पोरांना एक वर्ष लागायचं."

म्हणून 'ग्रा' म्हणजे ग्राउंड आणि 'शे' म्हणजे शेत. दहा-दहा कुंड्या, मुद्दाम सरमिसळ ठेवलेल्या, कारण ऊन-सावली दोघांना सारखी मिळावी. आईच्या पोटात उपास घडला असेल तर लेकरू खुरटं निघतं, म्हणून पहिल्या दोन पिढ्या त्यांनी हिशेबात धरल्याच नव्हत्या. मी गेले तेव्हा सातवी पिढी चालू होती. दर पिढीत ग्राउंडवाली वीतभर उंचीवर फुलत आणि शेतवाली कमरेला लागत. "मशीन आणलं तेव्हा माझे केस काळे होते," बाई म्हणत. "माझे केस पांढरे होईस्तोवर ही जात बदलून बसली. गवताला कुणी शिकवत न्हाई गं, म्हणून ते लवकर शिकतंय."

त्यानंतर मी त्यांच्या हाताखाली लागले असं म्हणता येईल. उंची मी मोजायची, माझ्या शिवणाच्या टेपनं. पहिल्यांदा मी सवयीनं इंच सांगितले. बाई म्हणाल्या, "टेप उलटी कर, हे झंपर न्हाई."

टोपडी अप्पांमुळे आली. त्यांच्या नातवाच्या हातावर पुरळ उठलं आणि ते गल्लीतर्फे तक्रार घेऊन आले. "बी उडून आमच्या दारात उगवलं तर कोण उपटणार? तुम्ही तर वाचत बसाल."

बाईंना ते पटलं. हे त्यांचं मोठं विचित्र होतं, तक्रार खरी असली की त्यांना आनंद होई. अप्पांना चहा पाजला आणि मला हाक मारली. "तांबडी माती, ह्या गवताला टोपडं शिवता येईल का?"

मी जुन्या मच्छरदाणीची टोपडी शिवली. प्रत्येक फांदीच्या शेंड्याला एक, खाली नाडी. बी पिकून गळलं तरी टोपड्यात. तान्ह्या बाळाच्या टोपड्याचंच माप घेतलं होतं, जरा लहान करून. वाऱ्यावर गच्चीवरची सगळी टोपडी एकदम माना डोलावत. मशीनवर तो ढीग बघून एका गिऱ्हाईक बाईनं माझं अभिनंदन केलं आणि जुळं आहे का विचारलं. मी इतकी गोंधळले की हो म्हणाले.

आणखी एक मागणी त्यांनी केली होती, ती इथंच सांगते. आठवी पिढी पेरायच्या वेळी त्या माझ्या दारात आल्या. "बटणं हायत का? दहा काळी, दहा पांढरी." मी डब्यातून मोजून दिली. कशाला, ते सांगितलं नाही. मला वाटलं कुणाकडून तरी कोट शिवून घेत असतील, आणि मला थोडं वाईट वाटलं की कोट मलाही येतो, अस्तरासकट.

आता माझी चूक.

त्यांचा एक जुना विद्यार्थी लातूरच्या एका कॉलेजात प्राध्यापक होता. तिथे चर्चासत्र होतं आणि त्यानं बाईंना बोलायला बोलावलं होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना बोलावत होतं. बाई आठ दिवस तरंगत होत्या. त्याआधी तो स्वतः येऊन गच्ची बघणार होता. रोपं तेव्हा तळहाताएवढी, जमिनीला चिकटलेली, विसांतली वीस एकसारखी.

पाहुणा येणार म्हटल्यावर मी झाडू उचलला. गच्चीवर धूळ, कावळ्यांची शीट, कुंड्यांना मातीचे ओघळ. बाई बाजारात गेलेल्या. मी गच्ची धुतली, कुंड्या पुसल्या, आणि त्या काड्या. कुल्फीच्या काड्या होत्या त्या. बाई संशोधनासाठी म्हणून रोज कुल्फी खात, आम्हालाही खायला लावत. काड्यांवर शीट पडलेली, कडा काळ्या झालेल्या. लातूरचा प्राध्यापक बघणार. मी विसांच्या वीस उपसून धुण्याच्या पावडरीत टाकल्या.

पाणी छान निळं झालं. पांढऱ्या कपड्याला नीळ दिल्यावर होतं तसं. मला आधी बरंच वाटलं. मग कळलं की ते निळं म्हणजे 'ग्रा' आणि 'शे' होतं. बाई शाईच्या पेनाशिवाय लिहीत नसत.

काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. त्या वेळी दारात रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि माझे हात आपोआप चालले. कशिद्याचे नमुने उतरवून उतरवून मला दुसऱ्याचं अक्षर हुबेहूब काढता येतं. बाईंच्या टेबलावरचं पेन घेतलं, दहा 'ग्रा' लिहिले, दहा 'शे' लिहिले, आणि काड्या अंदाजानं खोचून टाकल्या.

बाई वर आल्या. "वा," म्हणाल्या, "काड्या सुद्धा धुतल्यास? अक्षर बरं ऱ्हायलं." आणि मला पिशवीतली कुल्फी दिली.

ती कुल्फी मी कशी खाल्ली ते माझं मला ठाऊक. संध्याकाळी प्राध्यापक आला आणि चकचकीत गच्ची बघून खूश होऊन गेला.

पुढचे दोन महिने मी ब्लाउजांना उलट्या बाह्या लावल्या, काजाच्या जागी बटण शिवलं. नवऱ्यानं विचारलं, "काय झालंय तुला?" त्याला सांगितलं. तो रुळांवर काम करणारा माणूस, म्हणाला, "दोन रूळ जोडणारी फिशप्लेट सैल असली तर लगेच सांगायचं असतं, गाडी येईस्तोवर थांबायचं नसतं." म्हणून मी आणखी घाबरले.

गाडी आली. रविवारी मी टेप लावून आकडे सांगायची आणि बाई वहीत लिहायच्या. 'ग्रा'च्या काडीचं रोप कमरेला लागलं. 'शे'च्या काडीचं वीतभरावर फुललं. एक नाही, दोन्हीकडे निम्मीशिम्मी. बाईंनी आधी माझी टेप तपासली, मग पाणी तपासलं, मग त्यांचा आवाज हेल्मेटच्या आत बारीक होत गेला. शिंका येत, पण आकडा मोजणं बंद झालं.

"आठ पिढ्या," एके संध्याकाळी त्या पायरीवर बसून म्हणाल्या, "मी मनातलंच बघत होते की काय गं? बुटकं हवं तिथं बुटकं दिसायचं. कोणतं रोप कुठलं हे मला आधीच ठाऊक असायचं. आता डोळे म्हातारे झाले तर खरं दिसून राहिलं."

मी काही बोलले नाही. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोस्टात टाकायला एक कार्ड दिलं. महत्त्वाचं सगळं त्या कार्डावरच लिहीत. फोनवर माणूस पाल्हाळ लावतो, कार्डावर खोटं बोलायला जागाच नसते, असं त्यांचं म्हणणं. कार्ड म्हणजे उघडंच. मी पेटीपर्यंत गेले, आणि वाचलं. लातूरच्या प्राध्यापकाला लिहिलं होतं: माझी गोष्ट चुकीची निघाली. माझं नाव काढून टाक. पोरांना चुकीचं सांगायचं वय राहिलं नाही.

पेटीचं तोंड उघडं होतं. कार्ड आत टाकलं असतं तर माझी खोली राहिली असती, मशीन राहिलं असतं, कुणाला कधी कळलं नसतं. मी कार्ड पोलक्यात खोचलं आणि परत आले. आधी खोलीत जाऊन कपड्यांची पिशवी भरली, म्हणजे त्यांनी निघ म्हटल्यावर उशीर नको. मग पिशवीसकट वर गेले.

बाई झारी घेऊन उभ्या होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. शीट, पावडर, निळं पाणी, अक्षर, कुल्फी. शेवटी म्हटलं, "मी जाते बाई, मशीन उद्या नेते."

हेल्मेटच्या काचेमागे काही दिसत नव्हतं. झारीचं पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं, खालून वाहायला लागलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "कोणतं कुठलं, हे तुला ठाऊक न्हाई."

"नाही."

"मलाबी न्हाई."

"नाही बाई."

"ह्या सगळ्या नांदेडात कुणालाच न्हाई."

मी मान हलवली. बाईंनी काच वर केली. त्या हसत होत्या. आधी नुसत्या गालात, मग खांदे हलायला लागले, मग कठडा धरून. हसता हसता शिंकल्या, शिंकता शिंकता म्हणाल्या, "बटणं." मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. "अगं बटणं! कावळे घरट्याला काड्या पळवतात म्हणून मी बुडाशी बटण ठेवलंय. ग्राउंडला काळं, शेताला पांढरं. काड्या जागेवर दिसल्या, मग बटणं कुणाला आठवतात?"

मी कुंडीकडे धावले. बाईंनी माझा हात धरला.

"थांब. उपटायचं न्हाई अजून. आधी नुसतं रोप बघून तू सांगायचं, ग्राउंडचं का शेताचं. कागदावर लिहायचं. मग खणायचं. अन् साक्षीदार पायजे." त्या कठड्यावरून वाकल्या. "अप्पा, दुकान सोडून वर या."

"गिऱ्हाईक हाय, बाई."

"त्यालाबी आणा."

अप्पा एकटेच आले, नाकाला उपरणं लावून. त्यांना काय चाललंय ते सांगितलं. ते मला म्हणाले, "लेकी, तू ह्यांच्या काड्या धुतल्यास? मी पाच वर्षांपास्नं हेच करायचं म्हणून राहिलो."

मी विसांचा अंदाज लिहिला. टेप लावून, फुलोऱ्याची उंची बघून. कागद अप्पांच्या हातात दिला. बी टोपड्यांत धरलेलंच होतं, ती सोडवून पाकिटांत ठेवली. मग बाईंनी पहिली कुंडी उपडी केली.

मातीचा गोळा फुटला. मुळांच्या जाळ्यात काळं बटण अडकलेलं. "काळं," बाई म्हणाल्या.

"ग्राउंड," अप्पांनी कागद वाचला. "जुळलं."

दुसरी. पांढरं. जुळलं. तिसरी. जुळलं. पाचव्या कुंडीपाशी अप्पांचं उपरणं गळून पडलं होतं आणि ते स्वतःच कुंड्या उपड्या करत होते. बाई मातीत बसलेल्या, हेल्मेट तिरकं. मी मध्ये उभी, हातात अजून कपड्यांची पिशवी. नववीला अप्पा बटण वर धरून म्हणाले, "आता सांगू का थांबू?" आणि मुद्दाम थांबले. खाली दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं. "घे तुझं तू," अप्पांनी वरूनच सांगितलं, "साखर डाव्या हाताला हाय."

विसांपैकी अठरा जुळली. दोन चुकली.

"दोन चुकली," मी म्हटलं.

"म्हणून तर खरं हाय," बाई म्हणाल्या. "वीसच्या वीस जुळली असती तर मीच म्हटलं असतं, हिनं मातीत हात घातला. आता कुणी म्हणणार न्हाई की म्हातारीनं मनातलं बघितलं. म्हातारीला ठाऊकच नव्हतं." मग पिशवीकडे बोट करून विचारलं, "हे काय, बाजारात निघालीस?"

"नाही," मी म्हटलं.

"मग ठेव की खाली."

कार्ड अजून माझ्या पोलक्यात होतं. ते काढून दिलं. बाईंनी मागची बाजू तपासली, कोरी होती, तिच्यावर अठरा आणि दोन लिहून ठेवलं.

लातूरला त्या मला घेऊन गेल्या. एसटीत दोन कुंड्या आमच्या मांडीवर, एक बुटकं, एक उंच, दोघांना टोपडी. उंच रोपाचं टोपडं पुढच्या सीटवरच्या माणसाच्या मानेला लागत होतं. तो तीनदा वळला आणि चौथ्यांदा त्यानं जागा बदलली. कंडक्टरनं विचारलं, "हे काय नवस हाय का?" बाई म्हणाल्या, "हाव, आठव्या पिढीचा."

सभागृहात मी सगळ्यात मागे बसले, दाराजवळ. बाई हेल्मेटशिवाय मला ओळखीच्याच वाटत नव्हत्या. बोलून झाल्यावर एका तरुण सरांनी उठून विचारलं, "मोजणाऱ्याला कुंडी कुठली हे ठाऊक नव्हतं, ही पद्धत उत्तम. ती आखणी कुणाची?"

मला वाटलं, बाई आता 'आखणी माझीच' म्हणून सांगून टाकतील आणि माझी अब्रू राखतील. पण बाईंना खोटं बोलता येत नव्हतं, कार्डाबाहेरही.

"आखणी कुणाची न्हाई. आमच्या तांबड्या मातीनं काड्या पावडरीत धुतल्या. ऊठ गं."

आठवीनंतर वर्गासारख्या जागेत मी पहिल्यांदा उभी राहिले. सगळी डोकी मागे वळली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पाहुणे येणार होते."

हॉल असा हसला की तरुण सरही खाली बसले. पण त्या हसण्यात माझं काही हिसकावून घेतलेलं नव्हतं. चहाच्या वेळी तेच सर मला शोधत आले आणि टोपड्याची नाडी कशी लावली ते विचारलं. मी दाखवलं. त्यांनी वहीत चित्र काढून घेतलं.

तेव्हापासून पद्धतच पडली. पेरायच्या दिवशी बाई खाली माझ्या खोलीत येऊन बसत, मशीनवर, उगाच पायडल मारत, आणि मी एकटी गच्चीवर जाऊन बटणं पुरायची. काड्या नाहीत. यादी एका कागदावर, कागद बटणांच्या डब्यात, डबा माझ्याकडे. कधी न राहवून त्या जिन्याशी येत. "एकच सांग. कोपऱ्यातली?" मी नाही म्हटलं की खूश होऊन परत जात.

गेल्या वर्षी त्या पडल्या. कमरेचं हाड मोडलं, मुलगी त्यांना लातूरला घेऊन गेली. घर आमच्यावर सोपवलंय. हेल्मेट मी घालते, मला जरा मोठं होतं. रविवारी मी विसांचे फोटो पाठवते, प्रत्येक रोपाशेजारी टेप धरून, टेपची बरोबर बाजू बाहेर. अप्पा टेप सरळ धरायला येतात आणि स्वतःच्या शिंकांचा आकडा सांगतात. ही बारावी पिढी.

परवा फोन आला. आवाज बारीक झालाय, पण आधी शिंकल्या. तिथं गवत नाही, सवयीनं असावी.

"ए तांबडी माती. तिसऱ्या रांगेतलं दुसरं. मला वाटून राहिलं ते काळं हाय."

"असं वाटतंय?"

"डबा कुठं हाय?"

"माझ्यापाशी."

"यादी आत हाय ना?"

"हाय," मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना आता तसंच येतं.

मग म्हणाल्या, "सांगू नकोस हं."

मी सांगितलं नाही.